संक्रांतीच्या आठवड्यातली पहिली फुल मॅरेथॉन: शेवटच्या सात दिवसांत काय करायचं

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे संक्रांत कधी चार-पाच दिवस आधी येते तर कधी अगदी रेसच्या तोंडावर. त्यामुळे पहिल्यांदाच फुल (४२.१९५ किमी) पळणाऱ्या मंडळींचे या आठवड्यात मला दोनच प्रकारचे मेसेज येतात, एक "माझा सरावातला ३२ किमीचा लाँग रन राहिलाय, आता करून टाकू का" आणि दुसरा "घरी गुळपोळ्या झाल्यात, खाल्ल्या तर चालतील ना". पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर हो, पण वार कुठला त्यावर आहे, आणि तेवढं नीट समजून घेतलंत तर निम्मी तयारी झाली.

आधी पळण्याचं बघू कारण ते लवकर संपतं.

आज केलेल्या रनचा फायदा अंगी लागायला दहा-बारा दिवस तरी जातात, थकवा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर असतो. म्हणून शेवटच्या आठवड्यात कितीही पळालात तरी रविवारी त्याचा उपयोग काही नाही, पाय जड होणार ते वेगळंच. राहिलेला लाँग रन राहिला, सोडून द्या. मंगळवारी ६-७ किमी निवांत, त्यातले मधले २ किमी रविवारच्या पेसने (एका किमीला लागणारा वेळ), म्हणजे तो पेस पायात राहतो, गुरुवारी ४-५ किमी, शनिवारी सकाळी वाटलं तर १५-२० मिनिटं हलकं जॉगिंग नाहीतर सरळ आराम. जिममधले स्क्वाट्स, कुणीतरी सुचवलेला नवा योगा क्लास, जोरदार मसाज हे सगळं रेसनंतर.

पळणं कमी झालं की इथेतिथे दुखायला लागतं, सोमवारी गुडघा, बुधवारी पोटरी, गुरुवारी टाच, असं फिरतं दुखणं बहुतेक वेळा काही नसतं आणि ते जवळजवळ प्रत्येकाला होतं, त्यासाठी घाबरून रोज नवीन स्ट्रेचिंग सुरू करू नका. पण एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं टोचणारं दुखणं असेल, पळायला लागल्यावर वाढत असेल किंवा त्याच्यामुळे तुम्ही लंगडत असाल तर लगेच फिजिओ किंवा डॉक्टरला दाखवा, रविवारची वाट बघू नका. आणि ताप, छातीत कफ, अंगदुखी यातलं काही असेल तर पळायचं नाही म्हणजे नाही, गोळी घेऊन ताप उतरवून तर अजिबात नाही. व्हायरल अंगात असताना एवढा ताण दिला तर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. वर्षभराची मेहनत वाया गेली असं वाटेल, मला कळतं ते, पण रेस पुढच्या जानेवारीत परत आहेच.

एक गोष्ट खास बायकांसाठी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची आमंत्रणं चालू असतात, शनिवारी संध्याकाळी चार घरं करायची म्हणजे तीन तास उभं राहणं, जिने, वाण घेऊन पायपीट. शनिवारच्या सगळ्या मैत्रिणींना आधीच फोन करून सांगा, मी पुढच्या आठवड्यात येते म्हणून, कुणी रागावत नाही, उलट घरी गेल्यावर मेडल बघायला मागतात. आणि पाळीची तारीख त्याच दिवशी येत असेल तर पाळी पुढे ढकलायची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, डॉक्टरला विचारा, आणि पॅड, कप, टॅम्पॉन जे काही लाँग रनला वापरलंय तेच वापरा.

खाणं, हा खरा विषय

आपल्या स्नायूंमध्ये आणि लिव्हरमध्ये ग्लायकोजेन नावाने साखर साठवलेली असते, पळताना शरीराला सगळ्यात पटकन मिळणारं इंधन तेच. तो साठा सगळ्यांचाच मर्यादित असतो, आणि ३०-३२ किमीच्या आसपास पाय एकदम दगडासारखे होतात, ज्याला रनर लोक 'वॉल' म्हणतात, त्यामागचं एक मोठं कारण हा साठा संपत येणं. तर शेवटच्या दोन दिवसांत, म्हणजे शुक्रवार आणि शनिवार, कार्ब, म्हणजे भात, पोळी, साखर असं पिष्टमय आणि गोड खाऊन, हा साठा काठोकाठ भरायचा. कार्बो लोडिंग म्हणतात ते एवढंच, शनिवारी रात्री पास्ता पार्टी करून ते होत नाही, एका जेवणात तेवढं मावतच नाही.

गुरुवारपर्यंत नेहमीसारखं जेवा. भोगी या दिवसांत आली तर भोगीची मिक्स भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोणी, सगळं मनसोक्त खा. वांगं, वालपापडी, ओला हरभरा, गाजर, बोरं यातला फायबर तुम्हाला एरवी चांगलाच आहे. तो नको असतो शेवटच्या दीड-दोन दिवसांत, कारण पळताना पोट हलतं आणि आत जे पडलंय ते बाहेर यायला बघतं, आणि सी लिंकवर त्यासाठी थांबायची वेळ कुणावर येऊ नये. म्हणून शुक्रवारपासून बाजरी, ज्वारी, मोडाची उसळ, छोले, राजमा, वांगी, कोबी, कच्चं सॅलड बंद. भोगी नेमकी शुक्रवारी-शनिवारी आली तर देवाला नैवेद्य दाखवा, घासभर प्रसाद घ्या आणि तुमच्या वाटणीचं डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा.

गुळपोळीचं असं आहे की ती खूप चांगली गोष्ट आहे, गूळ आणि कणीक म्हणजे कार्बच, पण सोबत तीळ, बेसन आणि वरून चमचाभर तूप, म्हणजे फॅट, आणि फॅट पोटात रेंगाळतो. गुरुवारपर्यंत दोन खा, शुक्रवारी एक, शनिवारी दुपारनंतर नको. तिळाच्या वड्या आणि शेंगदाण्याची चिक्की यांनाही हाच नियम. हलवा मात्र चालतो, काटेरी हलवा म्हणजे जवळपास नुसती साखर, शनिवारी येताजाता खाल्लात तरी काही बिघडत नाही.

आता किती खायचं. खेळाडूंसाठी सांगतात ते प्रमाण वजनाच्या किलोमागे दिवसाला १० ते १२ ग्रॅम कार्ब, पण पहिल्यांदा करणाऱ्याला ते झेपत नाही, ८ ग्रॅम धरलं तरी पुष्कळ. ६० किलोच्या माणसाला ४८० ग्रॅम. हा आकडा आपल्या ताटात कसा दिसतो ते बघा: सकाळी मोठी प्लेट कांदेपोहे (५५), दिवसभरात दोन केळी (५०), दुपारी तीन वाट्या भात आणि दोन पोळ्या (१५५), चारच्या सुमारास जॅम लावून दोन ब्रेड (४५) आणि ग्लासभर लिंबू सरबत (२५), संध्याकाळी चार इडल्या (४०), रात्री दोन वाट्या भात (८०) आणि वाटीभर दही साखर घालून (१५). झाले साडेचारशेच्या वर. अंदाजे आकडे आहेत, वाटी कुणाची केवढी त्यावर थोडं इकडेतिकडे होईल, पण लक्षात काय घ्यायचं तर भात वाढवायचा आणि तूप, तेल, तळण, भाजी कमी करायची, म्हणजे पोटाला तडस लागत नाही. साबुदाणा पण चालतो, फक्त खिचडीत शेंगदाण्याचं कूट आणि तूप नेहमीच्या अर्ध्यावर आणा. डायबिटीस असेल तर यातलं काही मनाने करू नका, डॉक्टरशी बोलून ठरवा.

शनिवारी काट्यावर उभे राहिलात तर एक-दीड किलो वाढलेलं दिसेल. ती चरबी नाही. एक ग्रॅम ग्लायकोजेन साठवताना शरीर सोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, आणि ते पाणी रविवारी उन्हात कामाला येतं, म्हणून ते बघून रात्रीचं जेवण टाळू नका.

शनिवारी मोठं जेवण दुपारी, रात्रीचं साडेसातच्या आत आणि साधं, मऊ भात, पातळ वरण, लिंबू, मीठ, उकडलेला बटाटा. बाहेरचं काही नाही. पाणीपुरी, बर्फाचा गोळा, उसाचा रस, हॉटेलातली चटणी, हे सगळं शुक्रवारपासून बंद, कारण या दोन दिवसांत जुलाब लागले तर सुधारायला वेळच उरत नाही. दारू पण नको, अर्थात.

एक्स्पो, बिब आणि प्रवास

बिब, म्हणजे टीशर्टवर लावायचा तुमच्या नंबराचा कागद, रेसच्या सकाळी मिळत नाही. तो एक्स्पोत, म्हणजे रेसआधीच्या प्रदर्शनात मिळतो, आणि एक्स्पो गेली काही वर्षं बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल) असतो, गुरुवार ते शनिवार, तारखा आणि वेळ तुम्हाला आलेल्या मेलमध्ये असते, सोबत ओरिजिनल आयडी आणि कन्फर्मेशन न्या. मुंबईत राहणाऱ्यांनी गुरुवारीच उरकून टाका, शनिवारी मरणाची गर्दी असते. पुणे-नाशिकहून येणाऱ्यांचा नाइलाज असतो, त्यांनी शनिवारी सकाळची गाडी पकडून आधी एक्स्पो करावा आणि दुपारी दोनच्या आत मुक्कामाच्या ठिकाणी पाय वर करून पडावं. एक्स्पोत सेल असतो, शूज अर्ध्या किमतीत दिसतात, घ्यायचे तर घ्या पण रविवारी घालायचे नाहीत. तिथे मिळालेला टीशर्ट पण नाही. रविवारी तुमच्या अंगावर आणि पोटात जे काही जाणार त्यातली प्रत्येक गोष्ट किमान एका लाँग रनला वापरलेली पाहिजे, मोजे आणि जेलपासून (पळताना खायची गोड पाकिटं) टोपीपर्यंत.

अॅमॅच्युअर फुल सीएसएमटीहून पहाटे पाचच्या सुमारास सुटते, म्हणजे तुम्ही चार-सव्वाचारला तिथे असायला हवं, बॅगेज काउंटरची रांग असते आणि टॉयलेटची त्याहून मोठी. कल्याण, पनवेल, विरार बाजूच्यांसाठी गेली काही वर्षं रेल्वे त्या पहाटे स्पेशल लोकल सोडते, त्याचं टाइमटेबल एक-दोन दिवस आधी येतं, ते बघितल्याशिवाय कॅबच्या भरवशावर राहू नका कारण दक्षिण मुंबईतले रस्ते मध्यरात्रीनंतर बंद व्हायला लागतात. दादर, परळ, गिरगावात कुणी मावशी, आत्या, मित्र असेल तर सरळ त्यांच्याकडे मुक्काम करा. झोपेचं म्हणाल तर शनिवारी रात्री झोप लागणार नाही, ते धरूनच चाला, एका रात्रीच्या जागरणाने फारसं काही बिघडत नाही. शुक्रवारची रात्र जपा, त्या दिवशी नऊ-साडेनऊला आडवे व्हा.

नखं गुरुवारी कापा, शनिवारी कापली आणि जरा खोल गेली तर बोट ठसठसतं. शुक्रवारी रात्री (बिब शनिवारी घेणाऱ्यांनी शनिवारी) सगळं पलंगावर मांडून ठेवा: बिब चार सेफ्टी पिनांनी टीशर्टवर पुढच्या बाजूला लावलेला (टायमिंग चिप बिबला असते, बिब चुरगाळायचा नाही, बेल्टखाली दाबायचा नाही), शूज, मोजे, टोपी, जेल, ओआरएसची पाकिटं, व्हॅसलिन, थोडी रोख, लोकलचं तिकीट किंवा पास. व्हॅसलिन काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला, ब्राच्या पट्टीखाली, आणि पुरुषांनी निपलवर मायक्रोपोर टेप, हे लाजून सोडू नका, चार-पाच तास घामाने ओला टीशर्ट घासला की रक्त येतं आणि घरी आंघोळ करताना ओरडायची वेळ येते.

रविवार

सव्वादोन-अडीचला उठून खा. जॅम-ब्रेड आणि केळं, किंवा दोन इडल्या, किंवा जे तुम्ही लाँग रनच्या आधी खात आलात ते. चहा-कॉफी रोज घेत असाल तर घ्या. दोन-अडीच तास आधी ४००-५०० मिली पाणी पिऊन घ्या म्हणजे स्टार्टच्या आधी जास्तीचं बाहेर पडतं.

पेसचं गणित घरीच करून हातावर पेनाने लिहा. ५ तासांत करायची तर किमीला ७:०७, साडेपाच तासांना ७:४९, ६ तासांना ८:३२. तुमची स्वतःची वेळ माहीत नसेल तर हाफ मॅरेथॉनच्या वेळेची दुप्पट करून त्यात अर्धा तास मिळवा, पहिल्या फुलला मुंबईच्या दमट हवेत हा अंदाज बराच जवळ जातो, म्हणजे हाफ अडीच तासांत होत असेल तर साडेपाच. घड्याळाच्या जीपीएसवर पूर्ण विसंबू नका, गर्दीत वळत-वळत पळाल्याने ते शेवटी ४२.१९५ च्या ऐवजी साडेबेचाळीस-पावणेत्रेचाळीस दाखवतं, रस्त्यावरचे किमीचे बोर्ड बघा. आपल्या वेळेच्या पेसरची (ठरलेल्या वेळेत पळवत नेणारा रनर) 'बस', म्हणजे त्याच्यासोबतचा घोळका मिळाला तर तिच्यासोबत राहा.

सुरुवातीला मरीन ड्राइव्हवर अंधार, गार वारा, बँड, आजूबाजूला हजारो माणसं, आणि तुमचे पाय आठवडाभर आराम केलेले, तेव्हा ठरलेल्या पेसपेक्षा किमीला अर्धा मिनिट जोरात पळणं अगदी आपोआप होतं, काही कष्ट वाटत नाहीत. तिथेच स्वतःला धरा. पहिले ५ किमी ठरलेल्या पेसपेक्षा १०-१५ सेकंद हळूच जायचं, मागून लोक सपासप पुढे जातील, जाऊ द्यात. सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, त्याच्या आधीचे दोन तास तुमचे सोपे किमी आहेत आणि त्याच्यानंतरचे उन्हातले, साडेपाच तासवाल्यांना साडेतीन तास उन्हात काढायचेत हे डोक्यात ठेवा. सी लिंक साडेपाच किमीचा, एरवी तिथे चालायलाही परवानगी नसते त्यामुळे फोटो काढायचा मोह होणारच, काढा, पण कडेला होऊन, मागून येणाऱ्याच्या मध्ये थांबून नाही.

परतीच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ वर्षानुवर्षं ३५ किमीच्या पुढे येत आलाय. रूटमध्ये अधूनमधून बदल होतात म्हणून या वर्षीचा नकाशा शुक्रवारी एकदा शांतपणे बघा आणि चढ कुठल्या किमीला आहे ते लिहून घ्या. त्या चढावर चालायचं हे आत्ताच ठरवून टाका. झपाझप, हात हलवत, मान वर ठेवून चाला आणि उतार लागला की परत पळायला लागा. आधी ठरवलेलं असलं की तिथे चालताना हरल्यासारखं वाटत नाही, नाहीतर नेमक्या त्या जागी दमलेलं डोकं सगळी रेसच सोडून द्यायचा विचार करतं.

जेल ४०-४५ मिनिटांनी पहिलं आणि पुढे तेवढ्याच अंतराने, भूक लागायची वाट बघायची नाही, आणि साध्या पाण्यासोबत. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब पोटात गेले पाहिजेत, एका जेलमध्ये साधारण २०-२५ असतात. जेल पचत नसेल तर खजूर, लिमलेटच्या गोळ्या, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, जे सरावात चाललंय ते. शिवाजी पार्क, पेडर रोड भागात लोक भल्या सकाळी उठून हातात संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, चिक्की घेऊन उभे असतात, फार प्रेमाने देतात, संत्रं जरूर घ्या, चिक्की मात्र त्या वेळी कोरड्या घशात अडकते, ती हसून नको म्हणा.

पाण्याबद्दल जरा थांबून वाचा. घाबरून प्रत्येक स्टेशनवर अख्खी बाटली संपवू नका. तहान लागेल तसं, घोटभर-दोन घोट. साधं पाणी प्रमाणाबाहेर प्यायलं की रक्तातलं सोडियम खाली जातं, हायपोनेट्रेमिया म्हणतात त्याला, डोकं दुखतं, मळमळतं, गोंधळल्यासारखं होतं, जिवावरही बेतू शकतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या रनर्सपैकी १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम कमी निघालं होतं, आणि धोका जास्त होता तो रेसमध्ये वजन वाढेपर्यंत पाणी पिणाऱ्यांना आणि चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना, म्हणजे आपल्यासारख्यांनाच. मध्ये मध्ये ओआरएस घ्या, पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं, आणि एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच मिसळायचं. पेनकिलर रेसच्या आधी नाही, रेसमध्ये नाही, कुणी प्रेमाने देऊ केली तरी नाही, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात किडनीवर ताण आणतात.

छातीत दुखणं, चक्कर, ओकाऱ्या, आपण कुठे आहोत ते न समजणं, यातलं काही स्वतःला झालं किंवा शेजारच्याला होताना दिसलं तर थांबा आणि जवळच्या व्हॉलंटियरला हाक मारा. वाटेत ठिकठिकाणी मेडिकल स्टेशन असतात.

फिनिशनंतर लगेच बसकण मारू नका, रक्त पायात उतरतं आणि घेरी येते, दहा-पंधरा मिनिटं चालत राहा, मेडल घ्या, घोट घोट पाणी आणि काहीतरी खारट खा, ओला टीशर्ट बदला. पेनकिलर घ्यायचीच असेल तर व्यवस्थित लघवी होईपर्यंत थांबा. घरचे न्यायला येणार असतील तर भेटायची जागा आदल्या दिवशी ठरवा, आझाद मैदानाच्या आसपास त्या वेळी फोन लागतील याची खात्री नसते, अमुक गेट किंवा अमुक पुतळा असं ठरलेलं बरं. लोकलने परतणाऱ्यांनी रविवारच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक शनिवारीच बघून ठेवा, ब्लॉक बहुतेक अकराच्या सुमारास सुरू होतो आणि तुम्ही बॅग घेऊन स्टेशनवर पोचता तेव्हा नेमकी तीच वेळ असते. आणि सोमवारची सुट्टी आजच टाका, जिना उतरताना कठडा धरून उलटं उतरावं लागेल.